जिओकॅशचे वर्णन पावसाळा पाहिलेल्या माणसाने लिहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी जिओकॅशिंग या छंदाची ओळख करून देणारा लेख वाचला. कोणीतरी लपवून ठेवलेला आणि खेळाच्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश व वर्णन देऊन जाहीर केलेला डबा (जिओकॅश) मोबाइलमधल्या जीपीएसच्या आधाराने शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून द्यायचा, हा खेळ मुलांना घराबाहेर काढतो आणि नकाशा वाचायला शिकवतो, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र कोकणच्या किनाऱ्यावर असे डबे जास्तीत जास्त लपवले जावेत, अशी इच्छा व्यक्त करून लेख संपतो आणि ते कुठे लपवू नयेत व लपवल्यावर त्यांचे वर्णन कसे लिहावे याविषयी काहीच सांगत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला ही उणीव फार मोठी वाटते.

हा खेळ सुरू झाला तोच मुळी जीपीएसची अचूकता वाढल्यामुळे. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकी सरकारने मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने एक बादली रानात ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तोवर १०० मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एकदम १०-२० मीटरांवर आली होती. आज उघड्या आकाशाखाली चांगला फोन ५ मीटरांच्या आसपास बरोबर असतो. परंतु मैदानातले ५ मीटर आणि कड्यावरचे ५ मीटर सारखे नसतात. लपवणाऱ्याच्या फोनची चूक आणि शोधणाऱ्याच्या फोनची चूक विरुद्ध दिशांना पडल्या तर १० मीटरांचा फरक होतो. दाट झाडीत किंवा उभ्या खडकाच्या आडोशाला, जिथे उपग्रहांचे संकेत अडतात किंवा खडकावर आपटून फोनपर्यंत पोचतात, तिथे तो २०-३० मीटरांवरही जातो. म्हणजे डबा काठापासून चांगला ७-८ मीटर आत ठेवलेला असला, तरी शोधणाऱ्याच्या पडद्यावरचा बाण त्याला काठापलीकडे बोलावू शकतो, आणि अशा वेळी माणूस बाणाकडे पाहत चालतो, पायांकडे नाही. म्हणून माझे असे मत आहे की डब्याभोवती निदान ३० मीटर त्रिज्येचे वर्तुळ कल्पावे आणि त्या सबंध वर्तुळात कुठेही उभे राहणे सुरक्षित असेल तरच ती जागा निवडावी. दीपगृहांखालचे कडे, किल्ल्यांचे समुद्राकडचे बुरूज आणि धबधब्यांचे माथे या एका कसोटीवरच बाद होतात, आणि ते व्हावेत.

याहून मोठी अडचण ऋतूची आहे. कोकणात डबा लपवणारे बहुतेक जण मुंबई-पुण्याहून येतात, आणि येतात ते दिवाळी ते होळी या काळात. त्या वेळी समुद्र शांत असतो, सड्यावरचे, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावरचे, गवत वाळलेले असते, वहाळ (ओढे) कोरडे असतात. त्या दोन दिवसांत पाहिलेल्या जागेचे वर्णन घरी जाऊन लिहिले जाते आणि ते बाराही महिने, जगातल्या कोणालाही वाचायला उपलब्ध राहते. आमच्या गावाशेजारच्या एका खडपावर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या खडकांवर, असाच एक डबा होता. जागा सोपी आहे, लहान मुलांना नेण्याजोगी आहे, गाडी लावण्याच्या जागेपासून जवळ आहे, एवढेच त्याच्या वर्णनात लिहिलेले होते, आणि डिसेंबरातल्या दुपारी, सुकती (ओहोटी) असताना, त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याच वर्णनावर विसंबून ऐन जुलैत दोन तरुण त्या खडपाची वाट विचारत वाडीत आले. वाडीतल्या माणसांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतले आणि खाली जाऊ दिले नाही. मुलगे समंजस होते, त्यांनी ऐकले. पण वाट विचारायला ते थांबलेच नसते तर त्यांना अडवणारे तिथे कोणी नव्हते, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि समुद्राकडे कोणी फिरकत नाही. पावसाळ्यात पाण्यात पडलेल्या माणसापर्यंत पोचायला होडीच नसते, ही गोष्ट शहरातून येणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

भरती-ओहोटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या डब्यांच्या वर्णनात नेमके हेच सर्वांत मोघम असते. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा जुना हिशोब किनाऱ्यावरचे लोक अजून वापरतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ढोबळ अंदाजाला तो उत्तम आहे, पण डब्याच्या वर्णनात पुरेसा नाही. खाडीच्या मुखाशी आलेली भरती आत काही कोसांवरच्या गावी उशिरा पोचते, त्यामुळे बंदराच्या वेळापत्रकावरून खाडीतल्या जागेची वेळ सांगता येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते एकूण चढीच्या बाराव्या हिश्श्याइतकेच चढते, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मी भरती येते. ओहोटी संपल्यावर तासभर खडपावर बसलेल्या माणसाला पाणी फारसे हललेले दिसत नाही आणि अजून पुष्कळ वेळ आहे असे वाटते. त्याच्या पाठीमागे, किनारा आणि खडप यांच्यामध्ये, बहुतेक ठिकाणी एक खोलगट पट्टा असतो आणि तो आधी भरतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर सुकतीला चालत गेलेले पर्यटक अडकतात ते याच कारणाने. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी खूप लांबवर जाते आणि वाट एरवीपेक्षा सोपी दिसते. मात्र तेवढ्याच तासांत पाण्याला जास्त चढायचे असल्याने ते परतही अधिक वेगाने येते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी इतके मागे हटत नाही आणि इतक्या जोराने येतही नाही. 'ओहोटीच्या वेळी जावे' या तीन शब्दांत यातले काहीच येत नाही. किती आधी निघावे, कुठल्या खुणेपर्यंत पाणी आले की परत फिरावे आणि परतीच्या वाटेवरचा खोल भाग कोणता, हे लिहिल्याशिवाय वर्णन पुरे होत नाही. हवामान स्वच्छ असले की समुद्र निर्धोक असतो असेही नाही. दूर हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा इथे वारा नसतानाही येऊन पोचतात, आणि त्यांचा इशारा हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था देते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, तो काही पावसाळा नव्हता.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ हे या प्रश्नाचे फार बोलके उदाहरण आहे. खडकातल्या अरुंद चिरेत भरतीची लाट शिरते आणि पाण्याचा स्तंभ उंच उसळतो. ते दृश्य पाहायचे तर भरतीलाच जावे लागते, म्हणजे जागा ज्या वेळी पाहण्याजोगी असते त्याच वेळी ती धोक्याची असते. अशा ठिकाणी डबा ठेवणे मला पूर्णपणे गैर वाटते. त्याऐवजी या खेळातच २००४ पासून असलेला अर्थकॅश हा प्रकार तिथे शोभेल. त्यात डबा नसतो. दिलेल्या जागी उभे राहून भूरूपाचे निरीक्षण करायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. घळीच्या काठाचे अक्षांश-रेखांश न देता, जिथे लाटेचे पाणी येत नाही आणि जिथून उसळी स्पष्ट दिसते अशा जागेचे द्यावेत, आणि प्रश्नही तिथूनच उत्तर देता येईल असे विचारावेत. घळीची रुंदी मोजायला सांगणारा प्रश्न विचारला, तर कोणीतरी टेप घेऊन काठावर जाणारच.

समुद्र सोडून वर सड्यावर आलो तर धोके वेगळे आणि नवख्याला न दिसणारे. जांभ्याचा सडा दुरून सपाट दिसतो. प्रत्यक्षात त्यावर चिरेखाणी असतात, त्यांच्या कडा भिंतीसारख्या उभ्या कापलेल्या असतात आणि पावसानंतर त्यांत पुरुषभर पाणी साचते. कठडा नसलेल्या जुन्या विहिरी असतात. आणि श्रावण-भाद्रपदात कमरेइतक्या गवताखाली हे सारे झाकले जाते. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि पुन्हा ऑक्टोबरात इथे विजा पडतात, आणि त्या मोकळ्या कातळावर सर्वांत उंच वस्तू बहुधा चालणारा माणूसच असतो. बारसू, कशेळी, उक्षी अशा ठिकाणची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, तिथे तर डबा नकोच, पण ते कारण निराळे.

सड्यावर आणि वाड्यांमध्ये डबा लपवायला सर्वांना सुचणारी जागा म्हणजे गडगा. चिरे एकावर एक रचलेली, मातीचुन्याशिवायची ती भिंत. एक दगड सरकवला की डब्यापुरते भोक तयार होते. नेमक्या अशाच भोकांत आणि सुट्या दगडांखाली फुरसे राहते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्याच्या मुलखात हा साप विपुल आहे. तो वीतभर-हातभरच असतो, मातीच्या रंगात मिसळून जातो आणि चटकन चावतो. दंशाची जागा सुरुवातीला किरकोळ वाटू शकते; रक्त गोठण्याची क्रिया बिघडत जाते ती पुढच्या काही तासांत, आणि म्हणूनच माणूस दवाखान्यात जायला उशीर करतो. 'भिंतीतल्या तिसऱ्या दगडामागे हात घाला' अशा अर्थाची सूचना लिहिणारा माणूस कोकणातला नाही, हे न विचारता कळते. डबा असा ठेवावा की हात भोकात न घालता तो दिसेल आणि काढता येईल: झाडाच्या फांदीला नजरेच्या उंचीवर टांगलेला, किंवा पार, पायरी अशा उघड्या बांधकामाला धरून, आणि तोही जागामालकाला विचारून. डबा पारदर्शक असावा आणि आत काय आहे हे त्यावर मराठीत लिहिलेले असावे, हे जाता जाता सांगतो. १९९३ साली याच किनाऱ्यावर स्फोटके उतरली होती आणि बेवारस डब्याकडे इथले लोक व पोलीस कौतुकाने पाहत नाहीत.

खाडीकाठच्या कांदळवनांबद्दल फार लिहायला नको. तिथे कायद्याचे संरक्षण आहे, चिखलात मांडीपर्यंत पाय रुततो, आणि वाशिष्ठी व सावित्री या नद्यांत मगरी आहेत. घाटांतल्या वळणांवर आणि डोंगरपायथ्याशी पावसाळ्यात दरडी येतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर जे कोसळले, त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या जिल्हा प्रशासनाकडे आहेत, त्या पाहूनच डोंगराळ भागातली जागा निवडावी. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांभोवती मनाई आदेश काढतात, त्या काळात तिथला डबा संकेतस्थळावर 'चालू' दिसणे म्हणजे लोकांना आदेश मोडायला बोलावणेच होय.

मी वर पावसाळ्यावर इतका भर दिला आहे की जून ते ऑक्टोबर डबे बंद ठेवले म्हणजे झाले, असे वाचकाला वाटेल. दोडामार्ग-बांदा परिसरात मात्र उलट आहे. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर जानेवारी ते मे असा कोरड्या दिवसांत असतो, म्हणजे शहरी माणूस ज्याला उत्तम हंगाम समजतो त्याच दिवसांत. काजूच्या बागेत वाळलेल्या पाल्यात लपवलेला डबा तिथे मार्चमध्ये शोधायला लावणे चुकीचे आहे. ऋतूचा नियम जागेगणिक निराळा असतो आणि तो त्या गावच्या आरोग्य केंद्रात किंवा चहाच्या टपरीवर विचारल्याशिवाय कळत नाही.

आता वर्णनाकडे येतो. या खेळात प्रत्येक डब्याला वाटेच्या खडतरपणासाठी १ ते ५ असे गुण द्यायचे असतात आणि कडा, विषारी वनस्पती, धोकादायक प्राणी, पाण्यातून जावे लागेल अशा अर्थाची चित्रचिन्हे लावता येतात. ही सोय चांगली आहे, पण कोकणच्या किनाऱ्याला अपुरी. ज्या खडपाला डिसेंबरातल्या सुकतीला २ गुण योग्य आहेत, त्याला जुलैतल्या उधाणात ५ सुद्धा कमी पडतील; दोन्हींची सरासरी काढून ३ लिहिणे तर सर्वांत वाईट, कारण ती कुठल्याच दिवशी खरी नसते. माझ्या मते गुण नेहमी वाईटातल्या वाईट परवानगीयोग्य दिवसाचे द्यावेत आणि परवानगीयोग्य दिवस कोणते, हे वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत यावे. पहिल्याच ओळींत यासाठी की अनेक जण वर्णन पुढे वाचतच नाहीत. यादी आधीच फोनमध्ये उतरवून घेतात आणि जागेवर जाऊन फक्त बाण पाहतात. मालकाने मागाहून डबा तात्पुरता बंद केला तरी ही आधी उतरवलेली यादी त्यांना तो चालूच दाखवत राहते. न वाचणाऱ्याचे रक्षण जागेच्या निवडीनेच होऊ शकते, वर्णनाने होऊ शकत नाही.

वर्णन कसे असावे, याचा एक नमुना देतो: 'हा डबा १५ नोव्हेंबर ते १५ मे याच काळात शोधावा. गाडी देवळासमोर लावावी आणि पाखाडीनेच (दगडी पायवाटेनेच) उतरावे. बाण सरळ रेषेत कड्यावर नेईल, तिकडे जाऊ नये. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडपावर यावे. काळ्या खडकाचा पाया ओला झाला की डबा मिळो न मिळो, परत फिरावे, कारण मागचा खळगा आधी भरतो. शेवाळ आणि कालवे असलेल्या दगडांवर अनवाणी चालू नये. डबा भरतीरेषेच्या वर, उघड्यावर आहे. दगड उचलण्याची किंवा भोकात हात घालण्याची गरज नाही. फोनची रेंज फक्त पाखाडीच्या माथ्यावर मिळते. मदत मागताना गाव, वाडी आणि खडपाचे स्थानिक नाव सांगावे.' या शेवटच्या वाक्याला मी फार महत्त्व देतो. ११२ किंवा १०८ क्रमांकावर, अथवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन लावणारा पाहुणा अक्षांश-रेखांश वाचून दाखवू शकतो, परंतु हाकेच्या अंतरावरून जी माणसे धावत येणार असतात त्यांना ती जागा तिच्या नावाने ठाऊक असते. ते नाव, महसुली गावाचे नाव आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचे नाव वर्णनात मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असले पाहिजे.

इतके लिहिले तर खेळातली गंमत जाते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. डबा नेमका कुठे आहे हे शोधायचे असते; वाट कुठून आहे, पाणी कधी येते आणि कुठे हात घालू नये, हे लपवण्यात कसलीच चतुराई नाही. डबा प्रसिद्ध करण्यापूर्वी संकेतस्थळाचे स्वयंसेवक तपासणी करतात, ती दोन डब्यांमधले किमान अंतर आणि परवानगीसारख्या बाबींची असते. त्यांच्यापैकी कोणी जागेवर येऊन भरतीचे पाणी पाहत नाही. घरापासून दूर ठेवलेल्या डब्याची देखभाल स्थानिक माणसाकडे सोपवलेली असावी, अशी या खेळाची स्वतःचीच अपेक्षा आहे. तो माणूस केवळ कागदावर नको. त्याने सबंध एक पावसाळा ती जागा पाहिलेली असावी आणि वर्णन प्रसिद्ध होण्यापूर्वी ते त्याला मराठीत वाचून दाखवावे. त्याने होकारार्थी मान हलवली तरच पुढे जावे.

ज्यांचे डबे सध्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर आहेत, त्यांनी मे संपण्यापूर्वी एकदा येऊन भरतीरेषेच्या खालचे डबे उचलून न्यावेत, बाकीचे तात्पुरते बंद करावेत आणि दसऱ्यानंतर जागा पुन्हा पाहूनच चालू करावेत, अशी माझी त्यांना विनंती आहे. संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे: पुरवणीत सहलीची ठिकाणे छापली जातात, त्यांच्याजवळच अलिबाग, रत्नागिरी आणि मालवण येथील त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात.

कळावे,
आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी